लेखनावरची पुस्तकं वाचताय? या चुका टाळा

गोष्ट कशी रचावी, पात्रं कशी उभी करावीत, संवाद कसे लिहावेत हे शिकवणारी पुस्तकं मी आवडीने वाचते आणि इतरांनाही वाचायला देते. नव्याने लिहिणाऱ्यांची हस्तलिखितं तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे या पुस्तकांनी झालेला फायदा जसा दिसतो, तसं नुकसानही दिसतं. दोष बहुतेक वेळा पुस्तकाचा नसतो. ते चुकीच्या वेळी हाती घेतलेलं असतं, नाहीतर अर्धवट वाचलेलं असतं. त्याच त्या चुका बघून आता खरंच कंटाळले आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

लिहायच्या आधीच वाचायला बसणं

"आधी तंत्र नीट शिकून घेतो, मग लिहायला घेतो," असं म्हणणारे पुढच्या वर्षीही तेच म्हणत असतात. तंत्राच्या पुस्तकातला बहुतेक सल्ला हा दुरुस्तीचा सल्ला असतो, आणि दुरुस्त करायला आधी काहीतरी लिहिलेलं लागतं. "प्रसंग उशिरा सुरू करा" हे वाक्य घ्या. ज्याच्या कथेत नायिका आधी झोपेतून उठते, आवरते, कुलूप लावते, बसची वाट बघते आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी एकदाचं भांडण सुरू होतं, त्याला ते वाक्य वाचताक्षणी कळतं. ज्याने काहीच लिहिलेलं नाही, त्याला ते नुसतं पटतं, आणि आठवडाभरात विसरायला होतं.

माझी सवय अशी: आधी एक कथा शेवटपर्यंत लिहायची, कितीही वाईट झाली तरी. मग ती शेजारी ठेवून, जिथे अडलं त्याच विषयावरचं प्रकरण अनुक्रमणिकेतून शोधून वाचायचं. अख्खं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला मी नवशिक्यांना सांगत नाही.

"सांगू नका, दाखवा" हे प्रत्येक वाक्याला लावणं

भावना नुसती नाव घेऊन सांगू नका, ती कृतीतून, प्रसंगातून दिसू द्या, असा हा सल्ला. या एका सल्ल्याने जितक्या चांगल्या कथा बिघडलेल्या पाहिल्या, तितक्या दुसऱ्या कशानेही नाही. आमच्या लेखनगटात एका तरुणाने दोन भावांची कथा आणली होती. सुरुवात अशी होती: "बाबा गेल्यावर पाच वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. सहाव्या वर्षी थोरल्याचं पत्र आलं. घर विकायचंय, सहीला ये." दोन-चार वाक्यांत पाच वर्षं मागे पडली आणि आपण थेट त्या घरात पोचलो. पुढे दोघं बाबांच्या खोलीतल्या जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधत असतात. कोणी काही बोलत नाही. सुतळीची गाठ मारताना थोरला मान वर न करता "बोट" एवढंच म्हणतो, आणि धाकटा गाठीवर बोट ठेवतो. गटात ते वाचून झालं तेव्हा थोडा वेळ कोणालाच काही बोलायला सुचलं नव्हतं.

मग तो लेखनाची पुस्तकं वाचायला लागला आणि काही महिन्यांनी तीच कथा "सुधारून" घेऊन आला. सुरुवातीच्या वाक्यांची आता चार पानं झाली होती. धाकटा भाऊ फोन हातात घेतो, नंबर लावतो, कापतो. जबडा आवळतो. मुठी वळतात. खिडकीबाहेर पाऊस पडतो. पाच वर्षांचा अबोला "दाखवायचा" म्हणून असे तीन प्रसंग. गाठीपाशी येईपर्यंत वाचणारा थकलेला, आणि तिथेही भर घातलेली: घशाशी आवंढा, ओलावलेल्या कडा, छातीत काहीतरी हललेलं. "बोट" हा शब्द त्या गर्दीत दिसेनासा झाला होता. मी विचारलं, ती पहिली वाक्यं का काढलीस? म्हणाला, "पण ते सांगणं झालं ना, ताई?"

हो, सांगणंच आहे. पाच वर्षं न बोलणं ही रोजची, तीच ती गोष्ट आहे. ती सांगायचीच असते. गाठीवर बोट ठेवणं एकदाच घडतं आणि त्यानंतर त्या दोघांमधलं काहीतरी बदलतं, म्हणून ते दाखवायचं. शेवटी त्याने जुनी वाक्यं जशीच्या तशी परत घातली, आवंढे काढले, आणि कथा पुन्हा उभी राहिली.

हा सल्ला देताना रशियन कथाकार चेखवचा दाखला हमखास दिला जातो. त्याने १८८६ साली थोरल्या भावाला, अलेक्सांद्रला, लिहिलेल्या पत्रात सांगितलं होतं की चांदणी रात्र रंगवायची तर बंधाऱ्यावर फुटक्या बाटलीची काच ताऱ्यासारखी चमकली असं लिही, म्हणजे रात्र डोळ्यांसमोर येईल. तिथे मुद्दा निसर्गवर्णनाचा चालला आहे. आणि हाच चेखव भावाला कमालीचं थोडक्यात लिहायलाही सांगत होता. त्याच्या नावावर चार पानांचे आवळलेले जबडे खपवणं त्याच्यावर अन्याय आहे.

हस्तलिखित तपासताना मी समासात प्रत्येक परिच्छेदापुढे "प्र" किंवा "सा" लिहिते, प्रसंग की सारांश. मग प्रत्येक "प्र"पाशी थांबून बघते, यानंतर माणसांमधलं काही बदललं का? नसेल बदललं, तर त्याचा दोन ओळींत सारांश होतो. हे कंटाळवाणं काम आहे, वेळ खातं, आणि त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

इंग्रजीचे नियम मराठीवर लादणं

मराठीत लिहिणाऱ्यांची ही खास चूक. लेखनावरची बरीचशी प्रसिद्ध पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि त्यांतले भाषेचे नियम इंग्रजीच्या घडणीतून आले आहेत. स्टीफन किंगने २००० सालच्या "ऑन रायटिंग"मध्ये क्रियाविशेषणांवर, विशेषतः संवादाच्या शेपटीला जोडलेल्या क्रियाविशेषणांवर, कडक टीका केली आहे. ते वाचून लोक मराठी कथेतून दिसेल ते क्रियाविशेषण उडवतात. "ती खुदकन हसली" याचं "ती हसली" होतं. "तो धपकन बसला" याचं "तो बसला." इंग्रजीत हसण्याच्या निरनिराळ्या तऱ्हांना निरनिराळी क्रियापदं आहेत. आपल्याकडे क्रियापद बहुधा एकच, आणि तऱ्हा खुदकन, खो खो, गालातल्या गालात अशा शब्दांत राहते. ते शब्द काढले की हसणंच पुसट होतं.

काढायचे शब्द वेगळे आहेत: अत्यंत, खूपच, अचानक, एकदम. "रागाने किंचाळला" यातलं "रागाने", आधीच्या ओळीत भांडण जुंपलेलं असेल तर. जे दुसऱ्या शब्दाने आधीच सांगितलंय तेच पुन्हा सांगणारा शब्द जावा, एवढंच त्या नियमाचं सार. अर्सुला ली ग्विनच्या "स्टिअरिंग द क्राफ्ट"मध्येही विशेषणं आणि क्रियाविशेषणं न वापरता पानभर मजकूर लिहायचं काम आहे, पण ते सराव म्हणून दिलेलं आहे. सरावाला कोणी आयुष्यभराचं पथ्य करू नये.

दुसरा नियम कर्तरी-कर्मणीचा. प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांची १९१८ची छोटी पुस्तिका, जी पुढे १९५९ मध्ये ई. बी. व्हाइट यांनी वाढवली, तिच्यात कर्तरी रचना वापरा असं सांगितलं आहे. लगेच पुढे कर्मणी पूर्ण टाकून देऊ नका, तीही कित्येकदा सोयीची आणि कधीकधी आवश्यक असते, असंही आहे. हे पुढचं वाक्य कोणी वाचत नाही. मराठीत तर गोंधळ आणखी वाढतो, कारण "तिने पत्र लिहिलं" हा आपल्या व्याकरणात सरळ कर्मणी प्रयोग आहे. तो टाळायचा तर कर्म घेणाऱ्या बहुतेक क्रियापदांचा साधा भूतकाळच लिहिता येणार नाही. एका लेखिकेने त्यापायी अख्खी कथा वर्तमानकाळात फिरवली होती, आणि आठवणींचा सगळा भाग त्यामुळे कोसळला होता. मराठीत टाळायचं ते "तिच्याकडून पत्र लिहिलं गेलं" आणि "निर्णय घेण्यात आला" हे. ही परिपत्रकाची भाषा आहे, कथेत तिचं काम नाही.

पटकथेचं गणित कथेला लावणं

सिड फील्डच्या १९७९ सालच्या "स्क्रीनप्ले"मधला तीन अंकांचा आराखडा सुमारे १२० पानांच्या पटकथेसाठी आहे, एका पानाला पडद्यावरचं एक मिनिट या हिशेबाने. दहा पानांच्या कथेत पहिली कलाटणी कितव्या पानावर हवी, हे त्यावरून काढत बसू नका.

सारांश वाचून पुस्तक वाचल्यासारखं वागणं

दहा मिनिटांच्या व्हिडिओत पुस्तकाचे "सात नियम" मिळतात, पण नियमाच्या मर्यादा त्यात कापल्या जातात. ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली केंब्रिजमध्ये दिलेल्या व्याख्यानांतून "आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल" झालं. सपाट पात्रं (एकाच गुणाभोवती रचलेली) आणि गोलाकार पात्रं (अनेक पैलूंची, आपल्याला चकित करू शकणारी) हा फरक त्यातला. आज नवशिके "तुझं पात्र सपाट आहे" ही शिवी म्हणून वापरतात. फॉर्स्टर सपाट पात्रांचे फायदेही सांगतो: वाचकाला ती चटकन ओळखू येतात, लक्षात राहतात. डिकन्सची जवळजवळ सगळी माणसं सपाट आहेत आणि तरी त्यांच्यात माणूसपणाची खोली जाणवते, हेही तो तिथेच मोकळेपणाने मान्य करतो. सारांशात हे येत नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी पुस्तकं कमी वाचावीत, पण वाचतील ती मूळ वाचावीत.

बाकीच्या, थोडक्यात

एकाच वेळी चार पुस्तकं वाचू नका. ती एकमेकांना खोडतात आणि तुम्ही मध्ये अडकता.

ओळीच्या ओळी रंगवून ठेवण्यापेक्षा, पटलेल्या सल्ल्याखाली स्वतःच्या हस्तलिखितातला पान क्रमांक लिहा. लिहिता येत नसेल तर तो सल्ला सध्या तुमच्या उपयोगाचा नाही.

वाचलेले नियम दुसऱ्याच्या कथेवर चालवू नका. गटातली निम्मी कटुता यातून येते.

सरावाची पानं ओलांडून पुढे जाऊ नका. जॉन गार्डनरच्या "द आर्ट ऑफ फिक्शन"च्या शेवटी सरावांचा भरगच्च भाग आहे, आणि ते पुस्तक वाचलं म्हणणाऱ्या बहुतेकांनी त्यातला एकही केलेला नसतो.

वाचून वाचून लिहिणंच थांबलं असेल तर

प्रत्येक वाक्यापाशी एखादा नियम आडवा येतो, तीन ओळी लिहून दोन खोडल्या जातात, असं होत असेल तर सगळी पुस्तकं नजरेआड करा. कागदावर पेनाने लिहा, म्हणजे मागे जाऊन सुधारायचा मोह कमी होतो. खटकलेल्या जागी समासात फुली मारा आणि पुढे जा. मसुदा पुरा झाला की आठवडाभर तो बघू नका. नंतर फक्त फुल्या बघा. जिथे त्या दाट दिसतील, संवादात, सुरुवातीला किंवा शेवटाकडे, त्या एकाच विषयावरचं एक प्रकरण काढून वाचा.