नवे गेम, जुना पीसी: आधी कुठे हात घालायचा

माझा पीसी २०१९ सालातला. रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर. काही वर्षं कुरकुर नव्हती. मग एकेक नवा गेम अडखळायला लागला आणि मी सगळे करतात तेच केलं: काही न तपासता ग्राफिक्स कार्डं बघत बसले.

तसं करू नका. आधी आफ्टरबर्नर हे कार्डावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर आणि त्याच्या जोडीचा, आकडे पडद्यावर दाखवणारा रिवाट्यूनर टाका आणि अर्धा तास खेळताना कोपऱ्यातले आकडे बघा. जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या चिपचा, वापर ९७-९९ टक्क्यांवर चिकटलाय? म्हणजे कार्ड दमलंय. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरशी जुळवणारं सेटिंग) बंद, फ्रेमवर मर्यादा नाही, तरी वापर साठीतच रेंगाळतोय? मग प्रोसेसरवर संशय घ्या. खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर कार्ड निर्दोष. प्रोसेसरच्या एकूण टक्क्यांवर मात्र विसंबू नका. एकच कोर पार वाकलेला असतो आणि बाकीचे निवांत, त्यामुळे एकूण आकडा साळसूद दिसतो.

आता रॅम, आणि इथे माझी मलाच लाज वाटते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग बघितला तर २१३३. स्टिकवर छापलेला ३२००! बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवणारं सेटिंग) चालूच केलं नव्हतं. इतकी वर्षं रॅम कासवासारखी चालत होती. रायझनला याचा फटका जास्त, कारण त्याच्या आतल्या जोडणीचा वेगही रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो. एक सेटिंग बदललं आणि अडखळणं बरंच कमी झालं, तेही फुकटात. दोन स्टिक असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात, शेजारी शेजारी नव्हे.

कार्ड तरीही बदलावं लागलंच. २०२४ मधल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ला हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करणारी कार्डातली सोय) लागतं, १६६० सुपरकडे ते नाही, म्हणजे सेटिंग कितीही खाली आणा, उपयोग शून्य. शिवाय व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, ६ जीबीच. टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) व्हीरॅममध्ये मावतात तोवर वेगाला फारसा धक्का लागत नाही. भरली की मान वळवली तरी झटका बसतो. आज नवं कार्ड घ्यायचं तर मी ८ जीबीवर समाधान मानणार नाही. मी १२ जीबीचं आरएक्स ६७०० एक्सटी घेतलं.

त्याची भूक २३० वॅट, माझा पॉवर सप्लाय ४५० चा. तोही बदलला. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: नव्या मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) सप्लायला जुन्या सप्लायच्या केबल लावू नका. टोक बसतं, पण आतली तारांची मांडणी वेगळी असू शकते आणि एसएसडी जळू शकते. कार्ड घेण्याआधी कॅबिनेटची आतली लांबीही पट्टीने मोजा. पुढचे पंखे जागा खातात.

प्रोसेसरसाठी मदरबोर्ड बदलायची गरज पडली नाही. बी४५० च्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती खाच) रायझन ७ ५७००एक्स३डी चालतो आणि त्याचा ९६ एमबी एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, गेममध्ये खरोखर जाणवतो. फक्त बायोस अपडेट आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करा. नव्यासोबत कूलर येत नाही, तोही बघून ठेवा.

कूलर काढताना मी घाई केली. कूलर आणि प्रोसेसरमधली उष्णता वाहणारी पेस्ट थंड होऊन घट्ट धरून बसली होती. सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटूनच आला, दोन पिना वाकल्या. रिकाम्या मेकॅनिकल पेन्सिलच्या टोकाने श्वास रोखून सरळ केल्या. तुम्ही आधी पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, पीसी बंद करून प्लग काढा, मग कूलर डावीउजवीकडे हलके पिळत सोडवा.

गेम अजून हार्ड डिस्कवर असतील तर एसएसडीवर हलवा, यात विचार करण्यासारखं काही नाही. ‘स्टारफील्ड’च्या किमान गरजांमध्येच एसएसडी लिहिलेली आहे.

सगळं जोडल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डालाच लागली आहे ना बघा. हसू नका, मी लावली होती. विंडोजमध्ये रिफ्रेश रेट ६० वरच अडकला नाही ना, तेही तपासा. जुन्या एनव्हिडिया कार्डाचे ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने पुसून मग एएमडीचे टाका. पहिल्यांदा गेम उघडल्यावर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल, म्हणजे कार्डासाठी तयार, होत असतील तर मध्येच खेळायला घुसू नका. तेवढ्यात चहा होतो. आणि कॅबिनेटची बाजूची काच एकदोन दिवस उघडीच ठेवा, कारण एखादी केबल ढिली राहिलेली असतेच.