जुलाब लागल्यावर ओआरएस कसं बनवायचं, कसं पाजायचं, आणि त्या पुडीत कुणाकुणाची मेहनत आहे

पावसाळा लागला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, बाळाला सकाळपासून पाच-सहा वेळा पातळ संडास झालीय काय देऊ, आणि मग उत्तरं येतात, कुणी म्हणतं साबुदाण्याची पेज दे, कुणी म्हणतं दूध बंद कर, कुणी म्हणतं पाणी कमी दे म्हणजे जुलाब थांबतील. हे शेवटचं वाचलं की माझा जीव खालीवर होतो. म्हणून एकदाच सगळं बैजवार लिहून ठेवतेय, लागेल तेव्हा काढून वाचा.

पहिली गोष्ट, ओआरएस म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यातली जलसंजीवनी, पाण्यात विरघळवून पाजायची मीठ-साखरेची मोजून भरलेली पावडर. आशाताईकडे, अंगणवाडीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते, मेडिकलमध्येही स्वस्त आहे. पुडी दोन मापांत येते, मोठी साधारण २१ ग्रॅमची जी १ लिटर पाण्यासाठी असते आणि छोटी चार-साडेचार ग्रॅमची जी २०० मिली पाण्यासाठी असते. पुडीवर किती पाणी ते छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पुडी फोडूच नका.

हे एवढं ठासून सांगतेय कारण माझ्या भाचीच्या वेळी मी स्वतः चुकले होते. एक लिटरची पुडी होती, मला वाटलं पोरगी एवढीशी, एक लिटर कशाला पिणार, म्हणून अर्धी पुडी अंदाजाने एका पेल्यात घातली. घट्ट केलं की जास्त ताकद मिळेल असंही डोक्यात होतं. तिने दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं, नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं की असं घट्ट पाणी पोटात गेलं तर मिठाचं प्रमाण रक्तात वाढतं आणि लहान बाळाला ते धोक्याचं असतं. पातळ केलं तर उपयोग होत नाही, घट्ट केलं तर अपाय. त्यामुळे अख्खी पुडी, आणि छापलंय तेवढंच पाणी, उरलं तर उरू दे.

तर बनवायचं असं. हात साबणाने धुवा. पाणी उकळून गार केलेलं घ्या, निदान पिण्याचं स्वच्छ तरी हवंच. एक लिटर मोजायला सगळ्यात सोपं म्हणजे बाजारात मिळणारी एक लिटरची पाण्याची बाटली, ती भरून स्वच्छ पातेल्यात ओता, त्यात अख्खी पुडी टाका, विरघळेपर्यंत ढवळा आणि झाकण ठेवा. वर साखर नाही, लिंबू नाही, दूध नाही, सरबताचं सिरप नाही. चव घेऊन बघा, अश्रूंइतकं खारट लागलं पाहिजे, त्याहून जास्त खारट लागलं तर माप चुकलंय, टाकून द्या. बनवलेलं २४ तास चालतं, दुसऱ्या दिवशी नवीन करा. आणि एकदा बनवलेलं पुन्हा उकळायचं नाही.

आता एवढं माप का पाळायचं, तर त्यामागे खूप मोठी गोष्ट आहे आणि मला ती सांगाविशी वाटते. आतड्यात साखर म्हणजे ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम हे जोडीने आत शोषले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. हे रॉबर्ट क्रेन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली प्रागच्या परिषदेत मांडलं. पटकीमध्ये, म्हणजे कॉलऱ्यामध्ये सुद्धा, जेव्हा सगळं पाणी धो धो बाहेर पडत असतं, ही जोडीची वाट चालूच राहते, हीच तर खरी गंमत. मग ढाक्याच्या कॉलरा रिसर्च लॅबोरेटरीत डेव्हिड नलिन, रिचर्ड कॅश हे अमेरिकन डॉक्टर आणि तिथले स्थानिक सहकारी रफिकुल इस्लाम यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं की पटकीच्या पेशंटला तोंडाने हे पाणी पाजलं तर सलाईन खूप कमी लागतं. आणि १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले, बनगावला पटकी पसरली, हॉस्पिटलात जमिनीवरसुद्धा पेशंट, सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी कोलकात्यात मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पिशव्या भरून घेतल्या, ड्रममध्ये पाणी तयार केलं आणि पेशंटच्या नातेवाइकांच्याच हातात पाण्याचा मग देऊन सांगितलं, पाजत राहा. आधी शंभरातले तीसेक जण जात होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. शिकलेल्या नर्सची वाट न बघता आईने, भावाने पाजलं आणि माणूस जगला, मला ही गोष्ट आठवली की अंगावर काटा येतो. जागतिक आरोग्य संघटनेतले डॉ. धीमान बरुआ तिथे जाऊन हे काम बघून आले आणि पुढे त्यांनी ते जगभर नेण्यासाठी धडपड केली, मग युनिसेफने पुड्या देशोदेशी पोचवल्या. महालनबीस २०२२ मध्ये गेले, त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

आज आपल्या हातात असते ती पुडी त्या वेळची नाही. ब्राझील, पेरू, भारत, बांगलादेश, व्हिएतनाम अशा देशांतल्या बाळांवर तपासून बघितलं की मीठ आणि साखर दोन्ही थोडं कमी केलं तर सलाईन लावायची वेळ कमी वेळा येते, म्हणून २००२ मध्ये सूत्र बदललं. आता १ लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. एवढ्या जणांनी जे माप ठरवलं ते आपण स्वयंपाकघरात अंदाजपंचे कशाला बदलायचं?

पाजायचं कसं, कारण खरं काम इथेच आहे. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर प्रत्येक पातळ संडासनंतर ५० ते १०० मिली म्हणजे पाव ते अर्धा कप, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांना हवं तेवढं. बाळाला बाटलीने देऊ नका, चमच्याने द्या, दर एक-दोन मिनिटाला एक चमचा. मुलं तहानलेली असतात, वाटी तोंडाला लावली की घटाघटा पितात आणि सगळं बाहेर काढतात, मग घरात सगळे म्हणतात याला ओआरएस सोसत नाही. सोसतं, घाई सोसत नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू करा, आणखी सावकाश, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. रात्री आई एकटी थकून जाते, म्हणून बाबा, आजी, काका सगळ्यांनी पाळ्या लावा.

अजून एक, ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. हे आधीच डोक्यात पक्कं करा, नाहीतर दोन तासांनी म्हणाल की एवढं पाजलं तरी संडास चालूच आहे, मग उपयोग काय. त्याचं काम अंगातलं गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढायचं, जुलाब आपल्या वेळेने थांबतात, तोवर बाळ सुकू द्यायचं नाही एवढंच.

पुडी घरात नसेल आणि मध्यरात्र असेल तर? १ लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट छोटे चमचे आणि मीठ अर्धा सपाट छोटा चमचा. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे बोटाने वरचा ढीग काढून टाकलेला, मीठ जास्त पडता कामा नये. मीठ घातलेली भाताची पेज, मीठ घातलेलं ताक हेही चालतं. पण सकाळ झाली की पुडी आणा. बांगलादेशात ब्रॅक नावाच्या संस्थेने १९८० पासून दहा वर्षं हेच काम केलं, बायकांना गावोगाव पाठवलं, त्या घराघरात जाऊन आईच्या हातानेच तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असं मिश्रण करून घ्यायच्या, आणि नंतर दुसरं कुणी जाऊन त्या आईला विचारायचं काय लक्षात राहिलं, त्यावर शिकवणारीचा पगार ठरायचा. एक कोटीहून जास्त घरं केली अशी. म्हणून माझं सांगणं, शेजारच्या वहिनीला नुसतं तोंडी सांगू नका, तिच्या हाताने एकदा करून घ्या.

विकत घेताना काळजी घ्या. रंगीत टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएसच्या नावाखाली वर्षानुवर्षं विकली गेली, त्यात साखर भरपूर आणि क्षार कमी, अशा पाण्याने जुलाब उलट वाढू शकतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. तरी दुकानात जुना माल असू शकतो म्हणून पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते बघाच. कोल्ड्रिंक, डब्यातला ज्यूस, एनर्जी ड्रिंक यातलं काहीही नको. नारळपाणी वरून दिलं तर हरकत नाही, पण ओआरएसच्या जागी नाही.

सोबत झिंकची, म्हणजे जस्ताची गोळी. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, असं १४ दिवस. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. बहुतेक जण जुलाब थांबले की गोळी बंद करतात, तसं करू नका, पूर्ण १४ दिवस द्या. अंगावरचं दूध अजिबात तोडायचं नाही, उलट जास्त वेळा पाजा. आणि मुलाला उपाशी ठेवू नका, मऊ भात, वरण, खिचडी, केळं, दही, थोडं थोडं पण देत राहा. मोठ्यांची संडास थांबवायची गोळी लहान मुलाला कधीच देऊ नका, अँटिबायोटिक पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही.

आता घरी न थांबता दवाखाना कधी गाठायचा. संडासमध्ये रक्त दिसलं, बाळ पाणी पिऊच शकत नाहीये किंवा पाजलेलं सगळंच उलटून टाकतंय, डोळे खोल गेलेत, टाळू खाली गेलीय, रडताना डोळ्यात पाणी नाही, सहा-आठ तास लघवी नाही, पोटावर चिमटा घेतला तर कातडी हळूहळू खाली बसतेय, किंवा मूल मलूल होऊन हाक मारली तरी नीट बघत नाही. यातलं एकही दिसलं तर निघा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, आणि वाटेतही गिळता येत असेल तर चमच्याने पाजत राहा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर पहिल्याच दिवशी दाखवा. दवाखान्यात साधारण सुकलेल्या मुलाला चार तासांत किलोमागे ७५ मिली पाजतात, म्हणजे दहा किलोच्या मुलाला पाऊण लिटर, ते त्यांच्या नजरेखालीच होऊ द्या. अगदीच निपचित झालं असेल तर सलाईनच लागतं, तिथे ओआरएसवर विसंबून राहू नका.

आणि घरात निदान चार पुड्या ठेवा. वारीला, जत्रेला, गावी, ट्रेनच्या लांबच्या प्रवासाला निघताना पिशवीत दोन टाका, एक चमचा आणि एक लिटरची रिकामी बाटली सोबत. पुडीवरची तारीख बघा, आतली पावडर दगडासारखी झाली असेल किंवा तपकिरी पडली असेल तर ती वापरू नका, आशाताईकडून नवीन घ्या.