घरी दोघांत जॅझ-अँबियंट इम्प्रोव्ह सुरू कसं करायचं

एकजण वाद्य वाजवणार, दुसरा लॅपटॉपवर, आणि आधी ठरवलेलं काहीच नाही (इम्प्रोव्ह म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं, अँबियंट म्हणजे संथ, वातावरणासारखं पसरणारं संगीत), असं करून बघायचंय? मग आधी एक नियम पाळा: लॅपटॉपवाल्याने घरून काहीही तयार करून आणायचं नाही. पॅड (मागे सतत चालणारे लांब सूर) नाही, बीट नाही, सॅम्पल पॅक (तयार आवाजांचा संच) नाही. प्रोजेक्ट रिकामा उघडायचा आणि जो काही आवाज मिळेल तो समोरच्याच्या ट्रम्पेट, सॅक्स, गिटार, बासरी जे असेल त्यातूनच तिथल्या तिथे उचलायचा. तयार पॅड लावला की वाद्यवाला त्याच्यावर सोलो घेत बसतो, मग तो बॅकिंग ट्रॅक झाला, दोघं मिळून वाजवणं कुठे राहिलं!

नॉर्वेवाल्यांनी हे फार मनापासून केलंय. यान बांग स्टेजवर बसून शेजारी चाललेलं वादन लाइव्ह सॅम्पल करतो, म्हणजे त्याचे तुकडे उचलून तिथल्या तिथे पुन्हा वाजवतो, त्याने आणि एरिक होनोरेने २००५ मध्ये क्रिस्तियानसांदला पुंक्ट फेस्टिव्हल सुरू केला, तिथे एक कॉन्सर्ट संपली की लगेच दुसरे कलाकार तिचाच लाइव्ह रीमिक्स करतात. सुपरसायलेंट हा बँड तर रिहर्सलच करत नाही.

सामान फार नाही लागत. एक डायनॅमिक माइक (शुअर एसएम ५७ असेल तर उत्तम), दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), रीपरसारखं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते) १२८ सॅम्पल ठेवा, ४८ किलोहर्ट्झला तो तीन मिलिसेकंदांच्याही आत येतो, वाद्यवाल्याला उशीर जाणवत नाही. स्पीकर माइकच्या पाठीमागच्या बाजूला ठेवा नाहीतर शिट्टी वाजायला लागेल.

आता खरी गंमत, सेंड, म्हणजे वाद्याचा आवाज इफेक्टकडे किती पाठवायचा तो नॉब. वाद्याचा कोरडा (इफेक्टशिवायचा) आवाज तसाच जाऊ द्या. शेजारी एक बस (इफेक्टसाठी वेगळा ट्रॅक) करून त्यावर लांब डिले (आवाज ठरावीक वेळाने परत ऐकवणारा इफेक्ट) लावा, सहा-सात सेकंदांचा, फीडबॅक (दर वेळी किती आवाज परत फिरतो ते) ७५ टक्के, टेम्पो सिंक (डिले तालाशी बांधणं) बंद. वल्हाला सुपरमॅसिव्ह नावाचं प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा इफेक्ट) फुकट आहे, रिव्हर्बला, म्हणजे घुमाऱ्याला, चालतं. डिलेच्या आधी हाय-पास फिल्टर लावून २५० हर्ट्झच्या खालचं कापा, नाहीतर थरावर थर चढून सगळं गढूळ होतं. आणि सेंडचा नॉब एरवी बंदच! एखादा सूर, एखादा श्वास, बोटांची खरखर आवडली की तेवढ्यापुरता उघडायचा आणि लगेच बंद करायचा, मग तेवढंच सात-सात सेकंदांनी परत येत मिनिटभरात विरत जातं. कुठला सूर पकडायचा आणि कुठला सोडायचा हेच लॅपटॉपवाल्याचं वादन, त्याने स्क्रीनकडे कमी आणि वाजवणाऱ्याच्या श्वासाकडे जास्त लक्ष ठेवायचं. हे जमलं की दोन लूप (पुन्हा पुन्हा फिरणारे तुकडे) घ्या, एक ७ सेकंदांचा, एक ११ चा. ते ७७ सेकंदांनीच पुन्हा एकत्र सुरू होतात, तोवर त्यांची मांडणी सारखी बदलत राहते.

वाद्यवाल्यासाठी मुख्य गोष्ट म्हणजे सात सेकंदांपूर्वीचा सूर अजून हवेत आहे. त्यामुळे बीबॉपसारखे (जॅझचा वेगवान प्रकार) भराभर बदलणारे कॉर्ड्स इथे चालत नाहीत, जुने आणि नवे सूर एकमेकांवर आदळतात. एकच मोड (ठरावीक सुरांची चौकट) धरा, डोरियन घ्या, म्हणजे आपला काफी थाट, कोमल ग कोमल नी. मोड बदलायचाच असेल तर लॅपटॉपवाल्याने आधी फीडबॅक खाली आणायचा, जुनं विरू द्यायचं, आणि दोन्हीकडे असलेल्या सुरावरून पलीकडे जायचं.

आणि कमी वाजवा. जॉन हॅसल हा अमेरिकन ट्रम्पेटवाला पंडित प्राणनाथांकडे शिकला, किराणा घराणं, म्हणजे अब्दुल करीम खाँ आणि भीमसेनजींचंच. त्याने गळ्यातली मींड ट्रम्पेटवर आणली आणि मग हार्मोनायझर या इफेक्टमधून एकाच सुराचे समांतर थर केले. ज्याने लहानपणापासून शास्त्रीय ऐकलंय त्याला सुरावर थांबणं परकं वाटणार नाही, तेच इथे वापरा. म्हणजे वाक्य म्हणा, थांबा, लॅपटॉपमधून काय परत येतंय ते ऐका, मगच उत्तर द्या. हा सवाल-जवाब जॅझमधूनच आलाय आणि तो गेला तर मागे नुसता धूर उरतो.

रियाज असा करा: दहा मिनिटं लावा, मध्ये एक मिनिट वाद्यवाल्याने पूर्ण थांबायचं आणि लॅपटॉपवाल्याने उरलेल्या आवाजावरच पुढे न्यायचं, नंतर उलट, सगळे सेंड बंद आणि एकटं कोरडं वाद्य. दुसरा भाग जास्त अवघड जातो, इफेक्टच्या आधाराची सवय लागलेली असते.

प्रत्येक वेळी रेकॉर्ड करा, कोरडं वेगळ्या ट्रॅकवर आणि इफेक्ट वेगळ्या. नंतर कापाकापी करायला अजिबात लाजू नका, माइल्स डेव्हिसच्या १९६९ च्या ‘इन अ सायलेंट वे’ मध्ये प्रोड्युसर टिओ मसेरोने पहिल्या बाजूचा सुरुवातीचा भाग टेप कापून शेवटी पुन्हा जोडलाय. फक्त कापण्याआधी दोघांनी सोबत बसून अख्खं ऐका.

ड्रमर आणायची घाई नको, त्याचा आवाज वाद्याच्या माइकमध्ये शिरतो आणि मग डिलेमध्ये झांजांशिवाय काही राहत नाही. आणलाच तर काठ्यांऐवजी ब्रश वापरायला सांगा आणि गिटारसारखं वाद्य असेल तर त्याला कॉन्टॅक्ट माइक (वाद्यालाच चिकटून त्याची कंपनं उचलणारा) लावा.