आधी भागाकार, मग स्क्रूड्रायव्हर

वायरमनचा आयटीआय करून मी परळच्या एका मिस्त्रीकाकांच्या हाताखाली लागलो, तेव्हा ओहमचा नियम तोंडपाठ होता. तो कामाला कसा येतो, हे एका चाळीतल्या गीझरनं शिकवलं.

घरातल्या मावशी म्हणाल्या, प्लग तापतो, जळका वास येतो. सॉकेटच्या एका भोकाभोवती विडीचा चटका बसावा तसा तपकिरी डाग होता. मी लगेच बोलून गेलो, "एलिमेंट, म्हणजे आतली तापणारी कॉइल गेलीय, जास्त करंट खेचतंय. बदलू या."

"किती खेचतंय?" काकांनी वही पुढे केली.

गीझरच्या पट्टीवर लिहिलं होतं २००० वॉट, २३० व्होल्ट. वॉटला व्होल्टनं भागलं की करंट, म्हणजे ८.७ अँपिअर. व्होल्टला करंटनं भागलं की रेझिस्टन्स, साधारण २६.४ ओहम. एलिमेंट धड असेल तर हाच आकडा यायला हवा.

मग काकांनी चालू गीझरवर मोजलं. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न कापता चिमट्यासारखा बाहेरून लावून करंट मोजणारा मीटर, एकट्या फेजच्या (करंट आणणाऱ्या) वायरभोवती लावायचा. अख्ख्या केबलला लावला तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. आला ८.४ अँपिअर. गीझरच्या टर्मिनलवर २२२ व्होल्ट. भागाकार केला: २६.४. एलिमेंट ठणठणीत! मी त्या मावशींना उगाच नव्या एलिमेंटच्या खर्चात घालणार होतो, याची आजही बोच आहे.

एमसीबीपाशी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या बोर्डावरच्या स्विचपाशी, मात्र २२८ व्होल्ट होते. मधले ६ व्होल्ट गेले कुठे? ६ ला ८.४ नं भागा, ०.७ ओहम. ६ गुणिले ८.४, म्हणजे ५० वॉट. पंचवीस वॉटच्या दोन सोल्डरिंग आयर्नची उष्णता वाटेत कुठेतरी जिरत होती. मेन बंद करून सॉकेट उघडलं, तर न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरचा स्क्रू सैल आणि वायरचं टोक काळंठिक्कर. इथे नुसता ओहम मीटर लावला असता तर ०.७ सारखा आकडा मीटरच्या वायरींच्या रेझिस्टन्समध्येच हरवला असता. लोडवर, म्हणजे गीझर चालू ठेवून मोजल्यामुळेच दोष हाती लागला.

नव्यानं शिकणाऱ्यांनी दोन ठिकाणी जपावं. जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब हिशोबानं ५२९ ओहमचा. थंड असताना मीटरवर चाळीसच्या आसपास दाखवतो. मीटर खराब नसतो, फिलामेंट तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो. आणि पंखा, पंप अशा मोटरवर व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट नव्हे, पॉवर फॅक्टरनंही (त्या गुणाकारातला खरा वॉटचा वाटा सांगणारा आकडा) गुणावं लागतं. हीटर, इस्त्री, गीझर यांना ती भानगड नाही, म्हणून सराव त्यांच्यावर करा. चालू लाइनवर एकट्यानं मोजायला जाऊ नका. ओहमवर ठेवलेला मीटर तर चालू लाइनला कधीच लावू नका.

लोहार चाळीतून सोळा अँपिअरचं नवं सॉकेट आणलं, वायरचं जळलेलं टोक कापून नीट कसलं. गीझर पुन्हा चालू केला: २२७.५ व्होल्ट, ८.६ अँपिअर, १९५७ वॉट. हे आकडे काकांनी माझ्याच हातानं वहीत लिहायला लावले.