सर्व्हिसिंगनंतर गाडी अचानक बंद पडली तर

कालच सर्व्हिसिंग झालं आणि सोलापूरहून निघून मोहोळ यायच्या आत गाडी बंद! टोइंगला फोन लावण्याआधी बिल काढा. गॅरेजमध्ये कशाकशाला हात लागला ते त्यात असतं, तिथेच आधी बघा. इग्निशन बंद करून.

१. सेल्फ नुसता टक-टक करतोय, दिवे मंद आहेत: बॅटरीचे टर्मिनल हाताने हलवा. हललं तर पान्याने आवळा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा लागतो, तेवढा डिकीत ठेवाच.

२. सुरू होते, गचके देते, बंद पडते: एअर फिल्टर बदललाय का? डब्याच्या क्लिपा, जाड रबरी पाइप आणि जवळचा सेन्सरचा कनेक्टर बघा. माझ्या गाडीत हाच नुसता टेकवलेला होता. खटका बसेपर्यंत दाबला, गाडी सुरू. भर उन्हात दीड तास उगाच गेला होता.

३. प्लग बदलले असतील तर प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलचे कनेक्टर बघा. डिझेल फिल्टर बदलला असेल तर डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरलेली असू शकते. डिझेल ओढायचा हातपंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत मारा.

मात्र ऑइलचा लाल दिवा लागून गाडी बंद पडली असेल, तर पुन्हा सेल्फ मारू नका. ड्रेन बोल्ट (ऑइल काढायचा खालचा बोल्ट) किंवा ऑइल फिल्टर सैल राहून ऑइल गळालेलं असू शकतं. अशी गाडी उचलूनच न्यायची.