कन्टेम्प्ट म्हणजे नुसता तिरस्कार नाही, वापरायचा कसा ते बघा

डिक्शनरीत कन्टेम्प्ट बघितला की तिरस्कार, तुच्छता, अवमान असे तीन-चार शब्द एका ओळीत दिलेले असतात आणि आपण पहिला उचलून मोकळे होतो, तिथंच घोळ होतो. ज्याचा राग येतो, द्वेष वाटतो तो माणूस आपल्या बरोबरीचा असू शकतो, वरचढही असू शकतो, पण कन्टेम्प्टमध्ये समोरचा आपल्या लेखी खालचाच असतो, याच्याशी काय भांडायचं असं. लग्नात अहेराचं पाकीट दोन बोटांत चाचपून कुणीतरी एक शब्दही न बोलता नाक मुरडतं ना, तो चेहरा म्हणजे कन्टेम्प्ट. कस्पटासमान लेखणं हे मराठीत त्याच्या सगळ्यात जवळचं.

आता वापर. हे नाम आहे, क्रियापद नाही, त्यामुळे ‘आय कन्टेम्प्ट हिम’ चालत नाही. ‘आय हॅव कन्टेम्प्ट फॉर हिम’ म्हणा, पुढे फॉर येतो, नाहीतर सरळ ‘आय डिस्पाइज हिम’ म्हणून टाका. नुसत्या नजरेबद्दल सांगायचं असेल तर ‘शी लुक्ड अ‍ॅट हिम विथ कन्टेम्प्ट’.

खरा खड्डा पुढे आहे. कॉलेजात ग्रुप डिस्कशनला मी छाती पुढे काढून ‘आय अ‍ॅम कन्टेम्प्टिबल ऑफ करप्शन’ असं ठोकून दिलं होतं आणि सर मिशीतल्या मिशीत हसत होते, का ते मला घरी आल्यावर कळलं. कन्टेम्प्टिबल म्हणजे तुच्छ मानण्याच्याच लायकीचा, म्हणजे मी चारचौघांत स्वतःलाच नीच म्हणून बसलो होतो! मला हवा होता कन्टेम्प्चुअस, म्हणजे दुसऱ्याला तुच्छ लेखणारा.

कोर्टातला कन्टेम्प्ट मात्र वेगळा, तिथं मनात काय वाटतं याच्याशी कोर्टाला देणंघेणं नसतं. कोर्टाचा आदेश मुद्दाम धुडकावला की तो सिव्हिल कन्टेम्प्ट, आणि कोर्टाची बदनामी केली किंवा कामकाजात अडथळा आणला की क्रिमिनल. १९७१ च्या कायद्यात यासाठी सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, तरी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने वकील प्रशांत भूषण यांना दंड केला तो फक्त १ रुपया. इथं फॉर नाही, ‘कन्टेम्प्ट ऑफ कोर्ट’ असा ऑफ येतो, आणि मराठीत तिरस्कार नाही, न्यायालयाचा अवमान म्हणायचं.

‘फॅमिलिअ‍ॅरिटी ब्रीड्स कन्टेम्प्ट’ पाठ करायची गरजच नाही, आपलं अतिपरिचयात् अवज्ञा तेच आहे.

आणि हो, बोलताना जोर ‘टेम्प’वर द्या, शेवटच्या ट आधीचा प जवळपास गिळला तरी चालतो, बरेच जण तसंच करतात.