आरसी क्रॉलरची बॅटरी आणि वायरिंग: या चुका टाळा

मोर्शी तालुक्यात माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. आठवडाभर विहिरीवरच्या मोटारी उघडतो, आणि रविवारी सकाळी पोट्टे आपापले क्रॉलर, म्हणजे दगडांवर हळूहळू चढणाऱ्या रिमोटच्या छोट्या गाड्या, काखेत मारून दुकानासमोर उभे असतात. सातपुड्याच्या पायथ्याचे आमचे नाले या गाड्यांना फार मानवतात. बेसाल्टचे काळे गोटे, मध्ये रेती, काठाला काळी माती. तक्रार ठरलेली: "भाऊ, गाडी चढूनच नाही राहिली. मोटर बदलून द्या." मोटर क्वचितच बिघडलेली असते. घोळ तिच्यापर्यंत वीज पोचवणाऱ्या सामानात असतो, आणि ते सामान घाईत निवडलेलं असतं.

सर्वो मोठा, वीज तोकडी

क्रॉलर हातात आला की पहिली सुधारणा सगळे एकच करतात. मूळचा सर्वो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) काढून २५ नाहीतर ३५ किलो ताकदीचा बसवतात. त्यात चूक काही नाही. पुढची चाकं दोन गोट्यांच्या फटीत फसली की वळवायला ताकद लागतेच. पण त्या सर्वोला वीज कुठून मिळते हे कोणी बघत नाही. बहुतेक गाड्यांत ती थेट बॅटरीतून येत नाही. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरच्या आत बीईसी नावाचा भाग असतो. तो बॅटरीचा दाब ५-६ व्होल्टवर आणतो आणि रिसिव्हर (रिमोटचा संदेश घेणारा भाग) व सर्वो दोघांनाही पुरवतो. स्वस्त कंट्रोलरमध्ये तो १-२ अँपिअरचाच असतो. मोठा सर्वो अडकला की ३ अँपिअर आणि कधी त्याहूनही जास्त ओढतो. मग दाब कोसळतो, रिसिव्हर बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. गाडी जागेवर मरते आणि स्टिअरिंग सोडलं की जिवंत होते.

वरूडकडच्या एका पोराने या एका दुखण्यापायी दोन रिसिव्हर, एक रिमोट आणि एक बॅटरी बदलली. त्यातला एक रिसिव्हर त्याने माझ्या सांगण्यावरून घेतला होता. त्याच्या वडिलांचा संत्र्याचा बगीचा त्या वर्षी गळाला होता, त्यामुळे ते पैसे वाया गेल्याचं मला आजही लागतं. दुकानात गाडी ठाकठीक चालायची, नाल्यात गेली की मरायची. शेवटी मी त्याच्यासोबत नाल्यात गेलो आणि रिसिव्हरचा डबा उघडा ठेवून गाडी चढवायला लावली. चाक गोट्याला टेकून वळायला लागलं की रिसिव्हरचा दिवा विझायचा. दुकानात चाकं टेबलावर मोकळी फिरत होती, सर्वोला जोर लावावाच लागत नव्हता, म्हणून तिथे काही सापडत नव्हतं. वेगळा १० अँपिअरचा बीईसी बसवला. त्याचा पहिला, टाकून दिलेला रिसिव्हर परत लावला. तो आजही त्याच गाडीत आहे.

तेव्हापासून कोणतीही गाडी आली की मी आधी पुढचं चाक मुठीत घट्ट धरतो आणि मालकाला स्टिअरिंग पूर्ण वळवायला सांगतो. दिवा लुकलुकला तर बाकी काही उघडत नाही. बाहेरचा बीईसी लावताना तो सर्वोला जोडण्याआधी मल्टिमीटरवर तपासतो. सर्वो ६ व्होल्टचा असेल तर ६ च, ७.४ नाही. कंट्रोलरकडून रिसिव्हरला येणारी लाल तार पिनेसकट काढून टेप गुंडाळतो, कारण दोन बीईसी एकाच जागी जोडून ठेवायचे नसतात. काही जण रिसिव्हरला कपॅसिटर लावून भागवतात. क्षणभराचा झटका तो सांभाळतो, पण सर्वो दोन सेकंद फसून राहिला तर त्याच्याने काही होत नाही. मला तो उपाय पटत नाही.

याच्यासोबत रिमोटवर एंड पॉइंटही, म्हणजे सर्वोने किती वळायचं याची मर्यादा, लावून घ्या. पूर्ण वळवल्यावर सर्वो गुणगुणत असेल, तर चाक थांबलंय आणि सर्वो अजून ढकलतोय. असाच तो जळतो.

चार्जिंग: कापसाच्या घरात तर अजिबात हयगय नको

आमच्याकडे दिवाळीनंतर घराघरात कापूस भरलेला असतो. भाव वाढेल या आशेने तो उन्हाळ्यापर्यंत राहतो. अशाच एका घरात संध्याकाळी मी सर्वो द्यायला गेलो होतो. ओसरीत पोराने नवी लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी चार्जिंगला लावली होती, आणि मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस. आधी वास आला, गोडसर, नेलपॉलिशसारखा. बघतो तर पॅक उशीसारखा फुगलेला आणि चार्जरवर निकेलची सेटिंग. आधीची बॅटरी निमएच, म्हणजे निकेलची, होती, पोराने फक्त पिन बदलली होती. मी प्लग ओढला, सांडशीने पॅक उचलला आणि बांधकामाच्या रेतीच्या ढिगात नेऊन टाकला. तिथे तो धुरावला. त्याची आई दारात उभी होती. वर्षभराची कमाई तिच्या पाठीमागच्या खोलीत होती.

निकेलचा चार्जर बॅटरी भरल्यावर दाबात होणारी बारीकशी घट ओळखून थांबतो. लायपो अशी घट दाखवत नाही, म्हणून तो भरतच जातो. लायपोचा एक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, त्याच्या वर गेलं की धोका. टू-एस (दोन सेलचा) पॅक भरल्यावर ८.४, थ्री-एस (तीन सेलचा) १२.६. हे आकडे पाठ करा. चार्ज नेहमी बॅलन्सची (सगळे सेल सारखे भरणारी) पांढरी पिन लावून, क्षमतेच्या एकपटीने करा. २२०० एमएएचचा पॅक असेल तर २.२ अँपिअर. "लवकर पाहिजे" म्हणून ५ वर ठेवणाऱ्याला मी बॅटरी विकतच नाही. मी अंगणात, सिमेंटच्या ओट्यावर, पॅकजवळ बसून चार्ज करतो. वीज गेली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावतो. बी-६ प्रकारचे बरेच चार्जर ११ ते १८ व्होल्ट डीसीवर चालतात, आपल्या चार्जरवरचा आकडा वाचून घ्या. चार्ज चालू असताना ट्रॅक्टर मात्र स्टार्ट करायचा नाही.

बॅटरी रिकामी करतानाही चूक होते. हॉबीविंग कंपनीच्या १०६० सारख्या कंट्रोलरवर लायपो की निमएच हे ठरवणारा छोटा जंपर (पिनांवर बसणारी टोपी) असतो. तो निमएचवर राहिला तर लायपोसाठीचा कट-ऑफ (बॅटरी उतरली की वीज तोडणं) मिळत नाही आणि सेल ३ व्होल्टच्या खाली जातो. क्रॉलर हळू चालतो, त्यामुळे जोर कमी झालेला पटकन जाणवत नाही. म्हणून मी प्रत्येक पॅकला बझर लावतो आणि ३.५ वर वाजला की गाडी उचलतो. त्याच कंट्रोलरवर दुसरा जंपर चालण्याच्या पद्धतीचा आहे. क्रॉलरला ब्रेक न मारता थेट पुढे-मागे जाणारी पद्धत लागते.

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या खोलीत किंवा मोटरसायकलच्या डिक्कीत पूर्ण भरलेली बॅटरी ठेवली की ती फुगणार. आठवडाभर गाडी चालवायची नसेल तर चार्जरच्या स्टोरेज सेटिंगने सेल ३.८ ते ३.८५ वर आणा. माझे पॅक मातीच्या घरातल्या थंड कोपऱ्यात, तळाशी कोरडी रेती घातलेल्या जुन्या रांजणात असतात, वरचं झाकण सैल. फुगलेला पॅक टोचू नका, दाबू नका, पुन्हा चार्जही करू नका.

बाकीच्या चुका

वेगासाठी मोटर घेणं. वायंडिंग करणारा म्हणून सांगतो, कमी टर्नची (तारेच्या वेढ्यांची) मोटर पळते आणि जास्त टर्नची हळू, आवरून चालते. गोट्यांवर ३५ ते ५५ टर्न हवेत. गाडी माणसाच्या चालीने चढली पाहिजे. ज्याला पळवायचीच आहे त्याने बग्गी घ्यावी. सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर संथ गतीत अडखळते, सुरुवातीला तिच्या नादी लागू नका.

जास्त एमएएच म्हणजे जास्त चांगलं, हा समज. ५००० चा पॅक पाव किलोच्या पुढे जातो, आणि तो वर बांधला की तिरक्या गोट्यावर गाडी उलटते. मी २२०० चा लहान पॅक पुढे आणि खाली बसवतो. दगडांत तो मला पाऊण-एक तास पुरतो.

सी रेटिंग न बघणं. अँपिअर-तासांमधली क्षमता गुणिले सी, इतका प्रवाह पॅक देतो. २२०० चा ३० सी म्हणजे कागदावर ६६ अँपिअर. स्वस्त पॅकवरचा सी मी अर्धाच धरतो.

थ्री-एस लावण्याआधी कंट्रोलरवर काय छापलंय ते न वाचणं.

कनेक्टर बदलताना बॅटरीच्या दोन्ही तारा एकदम कापणं. कटरमधूनच शॉर्ट होतो. एक कापा, डाग द्या, टेप लावा, मग दुसरी. मी सगळीकडे एक्सटी-६० वापरतो, तो उलटा बसत नाही.

पार्सल आल्यावर सेल न मोजणं. लिथियम बॅटऱ्यांना विमानाने पाठवण्यावर निर्बंध असल्याने आमच्या पिनकोडवर त्या बहुधा रस्त्यानेच येतात, आणि वाटेत किती दिवस पडून होत्या ते कळत नाही. मी पोस्टमनसमोर नाही, पण त्याच दिवशी प्रत्येक सेल मोजतो. एकही ३ च्या खाली किंवा बाकीच्यांपेक्षा बराच वेगळा दिसला तर पॅक परत करतो.

वॉटरप्रूफ शब्दावर विसंबणं. कंट्रोलर वॉटरप्रूफ असला तरी रिसिव्हर असेलच असं नाही, सर्वोचंही वेगळं तपासावं लागतं. नाला ओलांडून आलो की मी आधी बॅटरी काढतो, मग डबा उघडा करून सावलीत ठेवतो. मोटरीत शिरलेली काळी माती ओली असताना खरवडत नाही. दुसऱ्या दिवशी वाळली की ब्रशने झटकतो आणि बुशिंगला तेलाचा एक थेंब देतो.